नकाशात रस्ता आहे, जागेवर ओढ्याशी संपतो: कुणाच्या मागे लागायचं?

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या सोसायटीच्या जुन्या फाइलची आठवण झाली. २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी एकात तुमची सोसायटी. पुण्याच्या सर्वंकष वाहतूक आराखड्यात, म्हणजे सीएमपीत, समोर २४ मीटरचा रस्ता आणि त्यावरून बसमार्ग दाखवलेला. प्रत्यक्षात रस्ता ओढ्याशी संपतो. आता सगळ्यांच्या सह्यांचं निवेदन आयुक्तांना द्यावं का, असं तुम्ही विचारताय.

द्या, पण त्याने पूल होईल असं धरून चालू नका. मी वकील नाही, नगररचनेतलाही नाही. कागद घेऊन फिरलेला सामान्य सभासद आहे, तेव्हा खालचं सगळं तुमच्या माहितगार माणसाकडून तपासून घ्या.

पहिली गोष्ट, सीएमपीतली रेघ म्हणजे रस्ता नव्हे. केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणानुसार मेट्रोसाठी केंद्राची मदत हवी असेल तर आधी असा आराखडा लागतो. त्यामुळे तो मनापासून केलेला असतो तसा अट पुरी करण्यासाठीही केलेला असतो. टॅब घेऊन दारात आलेली मुलं तुम्ही कुठून कुठे जाता, कशाने जाता, किती वेळ लागतो हे विचारून गेली असतील. ते आकडे मॉडेलमध्ये जातात, पुढच्या वीसेक वर्षांच्या प्रवासाचा अंदाज निघतो आणि त्यावरून नकाशावर मार्ग आखले जातात. काम चांगलं असतं, मी नावं ठेवत नाही. पण त्या रेघेने कुणाची जमीन ताब्यात येत नाही. ती ताकद एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली मंजूर झालेल्या विकास आराखड्याची किंवा प्रादेशिक योजनेची. तुमच्या भागात गंमत अशी, की गावं महापालिकेत आली पण नियोजन प्राधिकरण म्हणून शासनाने पीएमआरडीएला, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला नेमलं. पीएमआरडीएचा २०२१ चा प्रारूप विकास आराखडा २०२५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे तुमचा रस्ता १९९७ च्या प्रादेशिक योजनेत आहे का, हे आधी बघा. झोन दाखला (जमीन कुठल्या वापरासाठी दाखवली आहे त्याचा) आणि भाग नकाशा (योजनेच्या नकाशातला तुमच्या जागेपुरता तुकडा) दोन्ही काढा. नुसता दाखला घेऊन येऊ नका, त्यात रस्त्याची नेमकी जागा कळत नाही.

आता आमचं काय झालं ते सांगतो, कारण आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

आमच्याकडेही मधे ओढाच होता आणि तो ओढा म्हणजेच हद्द. अलीकडचा रस्ता एका यंत्रणेचा, पलीकडचा दुसरीचा. दोघांनी आपापल्या बाजूने काठापर्यंत डांबर आणून ठेवलं होतं. पूल मात्र कुणाच्याच अंदाजपत्रकात नव्हता. आम्ही रीतसर अर्ज दिला, आवक नंबर घेतला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: ‘आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ कुठला विभाग, कुठल्या कार्यालयाचा, जावक क्रमांक काय, एक अक्षर नाही. खिडकीवर विचारलं तर ‘तिकडे गेलाय’. तिकडे गेलो तर ‘आमच्याकडे आलाच नाही’. परत आलो तर साहेब साइटवर. मधल्या काळात विकास आराखड्यावर हरकती मागवल्या गेल्या आणि त्याच टेबलावरच्या माणसाने तोंडी सांगितलं, तुमचा रस्ता आहे तसाच आहे, हरकत कशाला घेता. मुदत संपल्यावर मोठ्या मापाचा नकाशा हाती आला. रस्ता होता तसाच होता, म्हणजे ओढ्याच्या अलीकडेच थांबलेला. हरकत नोंदवलेली नसल्यामुळे सुनावणीला बोलावणं नाही. ज्याने सांगितलं त्याची तोपर्यंत बदली झालेली. सोसायटीच्या सभेत शिव्या कुणी खाल्ल्या हे वेगळं सांगायला नको.

म्हणून तुम्हाला एकच आग्रहाने सांगतो. ‘हे आमच्याकडे नाही’ असं कुणी म्हटलं की ते कागदावर घ्या, आणि मग कुणाकडे आहे तेही कागदावर घ्या. लेखी देत नसतील तर माहिती अधिकार. कलम ६(३) मुळे त्यांना तुमचा अर्ज ज्याची माहिती आहे त्या कार्यालयाकडे पाच दिवसांत पाठवावा लागतो आणि तसं तुम्हाला कळवावंही लागतं. तिथे ‘संबंधित विभाग’ म्हणून भागत नाही, नाव लिहावं लागतं. आम्हाला आमच्या पुलाचा मालक या वाटेने सापडला.

आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, दहा रुपये शुल्क. ‘पूल का झाला नाही’ असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. कागद मागा: या रस्त्यासाठी चालू अंदाजपत्रकात तरतूद असल्यास लेखाशीर्ष (खर्च ज्या खात्यावर टाकतात ते) आणि रक्कम, आणि पुलाबाबत दोन यंत्रणांमध्ये झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती. तरतूद शून्य निघाली तरी उत्तम, नगरसेवकापुढे ठेवायला तोच कागद लागतो. नगरसेवक नसेल तर आमदार.

बसचं वेगळं सांगतो. पीएमपीला, म्हणजे शहर बससेवेच्या कंपनीला, रस्त्याची वाट बघायला लावू नका. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र करून ही कंपनी झाली, तिची तूट दोन्ही महापालिका साठ-चाळीसच्या हिशोबाने भरतात. म्हणजे तुमच्या भागाचा पैसा तिथे जातो. ओढ्याच्या अलीकडे बस वळवायला जागा असेल तर फीडर मार्ग (मोठ्या बसमार्गापर्यंत नेणारी छोटी फेरी) आत्ताच मागा. मागताना सकाळच्या दोन तासांत सोसायटीतून किती जण कुठे जातात याचा साधा तक्ता जोडा. भावनिक पत्रांपेक्षा तो जास्त वाचला जातो, असं माझं मत.

आणि ‘एकत्रित प्राधिकरण आलं की सगळं सुटेल’ असं तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय, त्यावर माझा फारसा विश्वास नाही. पुम्टा, म्हणजे पुण्याच्या सगळ्या वाहतूक यंत्रणांना एकत्र आणणारं प्राधिकरण, कागदावर छान आहे. पण निधी आणि टेंडर ज्याच्या त्याच्या हातात असतील तर बैठकीचं इतिवृत्त किती कामाचं? विद्यापीठ चौकातला महापालिकेचा उड्डाणपूल जेमतेम दीड दशकाचा होता, तो २०२० मध्ये पीएमआरडीएच्या हिंजवडी मेट्रोसाठी पाडावा लागला. आणि एचसीएमटीआर, म्हणजे शहराभोवतीचा उच्च क्षमतेचा वर्तुळाकार मार्ग, १९८७ च्या विकास आराखड्यापासून नकाशावर आहे. त्याच्या भरवशावर फ्लॅट घेतलेल्यांची मुलं आता स्वतःचे फ्लॅट बघतायत. असो, विषय भरकटला.

शेवटचं, आराखड्याच्या पीडीएफ आजच उतरवून ठेवा, संकेतस्थळं बदलली की जुने दुवे चालत नाहीत. नकाशावर जागा शोधताना सर्व्हे नंबर आणि गट नंबर यांची गल्लत करू नका, मोजणीचा नकाशा शेजारी ठेवूनच बघा. भाग नकाशा मिळाला की इथे टाका, फक्त त्यावरची नावं झाकून. ओढा कुणाच्या हद्दीत पडतो ते बघून पहिला अर्ज कुठे द्यायचा हे सांगता येईल.