वाचकांचे प्रश्न : मन रुजेपर्यंत थांबावे का?

प्रश्न : मी मूळची नाशिकची, गंगापूर रोडवर वाढलेली. लग्नानंतर कॅनडात ब्रॅम्प्टनला आले, त्याला पंधरा वर्षे झाली. संसार, नोकरी सारे मार्गी लागले आहे, तरीही ‘घर’ म्हटले की नाशिकच आठवते. आणि नाशिकला गेले की मी पाहुणी ठरते. नागरिकत्वाचा अर्ज भरून ठेवला आहे, पण तो पाठवायला मन धजत नाही. आमची दिंडोरीजवळ द्राक्षबाग आहे. ‘आता तुझे नाते तुटणार,’ असे वडील म्हणतात. मन इथे रुजेपर्यंत थांबावे का?
– एक वाचक

उत्तर : थांबू नये, असे मला मनापासून वाटते. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने कॅनडाचे नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या कायद्यानुसार आपले भारतीय नागरिकत्व संपेल आणि पासपोर्ट परत करावा लागेल, हे खरे आहे. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड घेतल्यास आयुष्यभर व्हिसाविना येता-जाता येते. मात्र मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची बाग वारसाहक्काने मात्र आपल्याकडे येऊ शकते. हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे, म्हणजे त्यांच्या बोलण्यात जमिनीची काळजी किती आणि लेक दुरावण्याची किती, हे आपल्यालाही उमगेल.

आता मनाविषयी. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, याची चौकशी सारे नाशिक करते. त्या काळजीत लहानपणापासून आपला वाटा होता, म्हणून ते गाव आपले झाले. ब्रॅम्प्टनमध्ये आपण अशी कशाची काळजी वाहता? मराठी मंडळाचा गणेशोत्सव मोलाचा आहेच, पण तेवढ्यावर थांबले तर आजूबाजूचे शहर परकेच राहते. शेजारच्या वृद्धांच्या दारातला बर्फ काढणे, मुलांच्या शाळेच्या पालकसभेत केवळ ऐकून न घेता बोलणे, अशा कामांतूनच माणूस एखाद्या ठिकाणचा होतो. ब्रॅम्प्टन ज्या प्रांतात आहे त्या ओंटारिओमध्ये पालिकेच्या निवडणुकीतही मतदानासाठी नागरिकत्व लागते. म्हणजे इतकी वर्षे कर भरूनही आपल्या रस्त्याविषयी, बससेवेविषयी आपल्याला मत देता आलेले नाही. परकेपणाचे एक कारण तेही असू शकेल. आपलेपणा आल्यावर अर्ज पाठवू, असे म्हणण्यापेक्षा अर्ज पाठवून आपलेपणाला वाट करून द्यावी.

नाशिकच्या भेटींचा रिवाजही बदलता येईल. नाताळच्या सुट्टीत येऊन घरोघरी जेवणाची आमंत्रणे घेणाऱ्याला लोक पाहुणाच समजणार, त्यात त्यांचा दोष नाही. रजा जुळली तर एखाद्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीच्या दिवसांत यावे, मुक्काम दिंडोरीला ठेवावा आणि मजुरांचा हिशेब, औषधफवारणीची वेळ, बाजारभावाची चौकशी यांतले एखादे काम वडिलांकडून मागून घ्यावे. पुढे बाग आपल्याकडे यायची असेल, तर ते शिकून घेण्याची निकड आहेच.