सगळाच काळा पत्थर, मग मऊ खडक कुठला?

ताई, 'सह्याद्रीत सगळा बेसॉल्टच (लाव्हा थिजून झालेला काळा पत्थर), मग वर कठीण आणि खाली मऊ खडक आणला कुठून?' असा शेरा मारून लेकीची धबधब्यांवरची वही परत आली, हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं उफाळून आलं.

माझ्या मते शेराच चुकलाय. (मी भूशास्त्रज्ञ नाही, नुसता डोंगर भटकणारा, तेवढं धरून चाला.) उतार, प्रवाह, झीज हे तिला येतच असेल. नायगाऱ्याच्या धबधब्याला वर डोलोमाइट हा कठीण खडक, खाली शेल हा मऊ. ते चित्र आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडत नाही, हे खरं. पण दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आला तो काही एका दमात नाही, थरावर थर चढत गेले. थराचा मधला भाग घट्ट, माथा मात्र वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ झालेला. दोन थरांमध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा. पाणी आधी हा पट्टा आणि पोकळ माथा पोखरतं. खालचा आधार गेला की वरचा कातळ उभ्या भेगांतून सुटून कोसळतो आणि कडा मागे सरकतो. मऊ खडक तो हाच, बेसॉल्टच्याच पोटात.

हे डोळ्यांनी बघायचं म्हणून मी एका कार्यालयात आमच्या भागाचा भूशास्त्रीय नकाशा मागितला होता. आधी अर्ज, मग दुसरी खिडकी, मग साहेब दौऱ्यावर. शेवटी हातात टेकवलं काय, तर धबधब्यांच्या उंच्या छापलेलं पर्यटनाचं पत्रक! वर 'यात सगळं आहे' हेही ऐकवलं. त्या हेलपाट्यांत अख्खा उन्हाळा गेला, आणि खडक दिसतो तो उन्हाळ्यातच. पावसाळ्यात नुसतं पाणी, धुकं आणि सेल्फीवाले.

म्हणून लेकीला एप्रिलात न्या. कोरड्या धबधब्याच्या तळाच्या डोहाशी उभं राहून वर बघा: कातळाखाली आत गेलेली कपार, तिच्यात विटकरी पट्टा, भोकांत झिओलाइट या खनिजाचे पांढरे खडे. ते उकरू नका, आणि कपारीखाली रेंगाळू नका, दगड सुटतात. तेवढं जमत नसेल तर घाटरस्त्याची कापलेली दरडही चालेल, पण गाडी वळणावर लावू नका. फोटो वहीत चिकटवा, पट्ट्यावर बाण काढा.

आणि हो, त्याच पानावर कर्नाटकातल्या जोग धबधब्याचा फोटो असेल तर काढून टाका. तिथला खडक दख्खनच्या लाव्हाचा नाही, पुढचा शेरा त्यावरच यायचा.