आजोबांचा स्पूलचा टेपरेकॉर्डर माळ्यावर सापडलाय. प्लग लावून बघू का?

तुम्ही लिहिलंय की राजापूरजवळच्या घरी माळ्यावर ग्रुंडिगचा व्हॉल्व्हवाला स्पूल टेपरेकॉर्डर आणि साठच्या दशकातले सहा स्पूल मिळाले. त्यात गावचं शिमग्यातलं नमन आणि आजीच्या ओव्या आहेत असं घरात सांगतात. प्लग लावावा का, आणि व्हिडिओत दाखवतात तसा हेडचा ॲझिमथ, म्हणजे हेड टेपला लागतं तो कोन, आधी जुळवून घ्यावा का, असे तुमचे दोन प्रश्न.

दोन्हींचं उत्तर ‘नको’ असंच आहे. प्लग अजून लावू नका आणि ॲझिमथच्या स्क्रूला तर बोटही लावू नका.

आधी स्क्रूचं सांगतो, कारण ती चूक मी स्वतः केलीय. टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडमध्ये एक अतिशय बारीक फट असते. ती टेपला अगदी काटकोनात हवी, थोडी कलली की वरचे सूर जातात. तुमचं मशीन बहुधा सेकंदाला 9.5 सेंटीमीटर वेगाचं आणि हाफ ट्रॅक असणार, म्हणजे टेपच्या अर्ध्या रुंदीत एका बाजूचं रेकॉर्डिंग. त्या वेगाला 10 किलोहर्ट्झची एक लहर टेपवर जेमतेम साडेनऊ मायक्रॉन लांब उमटते, आणि ट्रॅकची रुंदी सव्वादोन मिलीमीटरच्या आसपास. हिशेब केलात तर पाव अंशाच्या कलानेही तो सूर पार पुसला जातो. टाळ वाजतायत की कोणी सुपात तांदूळ पाखडतंय, कळणार नाही.

पण आजोबांनी ज्या मशीनवर रेकॉर्ड केलं तेच मशीन तुमच्याकडे आहे. त्याचं हेड तेव्हा जितकं कललेलं होतं, तितक्याच कलाने टेपवर सगळं उमटलंय. दोघांचं जुळलेलं आहे. तुम्ही हेड ‘बरोबर’ केलंत की ते टेपच्या मानाने चुकलं. आमचं वेंगुर्ल्याला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. वडील नसताना मी हुशारी करून आमच्या घरच्या मशीनचा ॲझिमथ मागून आणलेल्या टेस्ट टेपवर (ॲझिमथ जुळवायची प्रमाण टेप) झकास लावला. संध्याकाळी मामाच्या भजनाचा स्पूल लावला तर आवाज गोधडीत तोंड घालून गायल्यासारखा! स्क्रू परत मूळ जागी आणायला मला चार दिवस लागले. वडील काही बोलले नाहीत, स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका मात्र दिला. तुमच्या मशीनवर असा ठिपका किंवा लाखेचा थेंब अखंड असेल तर कोणी हात लावलेला नाही असं समजा. फुटलेला असेल तर टाळ सर्वात स्वच्छ ऐकू येतील तिथे कानाने स्क्रू थांबवायचा, पण तेही सगळ्यात शेवटी.

आता प्लग. इतकी वर्षं बंद असलेल्या मशीनमधले कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) गळके झालेले असतात. थेट 230 व्होल्ट दिलेत तर ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. जुन्या रेडिओवाल्यांकडे सीरिज बल्ब असतो: 100 वॉटचा तारेचा बल्ब मशीनच्या सीरिजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधूनच मशीनकडे जाते. बल्ब एकदा उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. भगभगीत जळतच राहिला तर लगेच बंद. व्हॉल्व्हचं काम कधी केलं नसेल तर हे स्वतः करू नका, बंद केलेल्या मशीनमध्येही कपॅसिटरवर अडीचशे व्होल्ट बसून राहिलेले असतात. मागचा व्होल्टेज सिलेक्टर 220 किंवा 240 वर आहे ना, तेवढं मात्र तुम्हीच बघा. आणि झाकण उघडल्यावर पालीची अंडी निघाली तर दचकू नका, कोकणातल्या प्रत्येक मशीनमध्ये निघतात.

खरं दुखणं बहुतेक वेळा रबर आणि तेलाचं असतं. पट्टे सैल पडतात, काहींचा तर डांबरासारखा चिकटा होतो. फिरणं पुढे पोचवणाऱ्या आयडलर चाकांचं आणि टेप दाबून धरणाऱ्या पिंच रोलरचं रबर कडक होऊन चकाकतं. नख दाबून बघा: रबर किंचित दबलं पाहिजे. चकाकी असेल तर भांड्याच्या साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा, मग बारीक पॉलिश पेपरचा हलका हात. तेलाबद्दल एक सांगतो. आपल्याकडे करकरणाऱ्या प्रत्येक वस्तूला खोबरेल तेल लावायची रीत आहे, दाराची बिजागरी असो की आजोबांचा जर्मन टेपरेकॉर्डर. ते तेल थंडीत थिजतं आणि काही वर्षांत पिवळ्या राळेसारखं घट्ट होतं. माझ्याकडे आलेल्या एका मशीनचा स्पिंडल हाताने फिरत नव्हता. पुसलेल्या कापडाला चक्क खवट नारळाचा वास. ते सगळं काढून बेअरिंगला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या. रबराला तेलाचा स्पर्श नको.

हेड आणि कॅपस्टन (टेप ओढणारा फिरता दांडा) यांच्यासाठी 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या घ्या. सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं. पहिली काडी तपकिरीच्या डबीत बुडवल्यासारखी निघेल. काडी पांढरी येईपर्यंत पुसा. हेडमधलं साचलेलं चुंबकत्व काढणारा डीमॅग्नेटायझर मिळाला तर मशीन बंद ठेवून आणि स्पूल दुसऱ्या खोलीत नेऊन वापरा. नाही मिळाला तरी अडत नाही.

वेग तपासायला महागडं काही लागत नाही. बिनकामाच्या टेपवर 5 मीटर 70 सेंटीमीटरवर दोन खुणा करा. दोन्ही खुणा हेडवरून जायला बरोबर 60 सेकंद लागले पाहिजेत. वेग सहा टक्क्यांनी चुकला की गाणं एका पट्टीने वर किंवा खाली जातं. कुठल्याशा स्पूलवर भजन निघालं आणि मंडळाची तीच पेटी अजून कोणाकडे असेल तर ती शेजारी घेऊन बसा. खुणांचा वेग बरोबर येऊनही टेप पेटीच्या वर वाजली तर रेकॉर्डिंगच्या रात्री व्होल्टेज कमी होतं, असं धरायला हरकत नाही.

मशीन परत उभं राहील, सुटे भाग मिळतात. आजीच्या ओव्यांची दुसरी टेप कुठेच मिळणार नाही. म्हणून बिनकामाची टेप तासभर नीट चालल्याशिवाय हे सहा स्पूल चढवायचे नाहीत. रेकॉर्डच्या लाल बटणावर आजच चिकटपट्टी मारा. तोपर्यंत स्पूलचा वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर ती ॲसिटेट या जुन्या प्लास्टिकची टेप आहे आणि तिचा नंबर पहिला. स्पूल उजेडासमोर धरला तरी कळतं, ॲसिटेटमधून उजेड आरपार येतो. जुनी टेप ओव्हनमध्ये भाजायचा उपाय तुम्ही वाचाल, तो सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या विशिष्ट चिकट टेपांसाठी आहे. ॲसिटेटला उष्णता दिलीत तर ती वाकडी होते.

वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे टेपच्या कडांना पांढरी बुरशी असणारच. हे काम पावसाळ्यात काढू नका, मार्गशीर्ष लागू दे. स्पूल घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या खड्यांबरोबर दोन-तीन आठवडे ठेवा. खडे गुलाबी झाले की स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या पातेल्यात तापवून परत निळे करा. मग अंगणात, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने कडा झाडा. जोराने रिवाइंड करू नका. पहिल्यांदा टेप वाजेल तेव्हाच डीआयएन केबलने (मशीनच्या गोल सॉकेटमध्ये बसणारी) लॅपटॉपला जोडून पूर्ण रेकॉर्ड करून घ्या, एमपी3 नको, वेव्ह फाइल. टेप तुटली तर सेलोटेप लावू नका, डिंक पसरतो. स्प्लायसिंग टेपच (टेप जोडायची खास पट्टी) हवी.

आणि काम झाल्यावर स्पूल परत माळ्यावर नको. एप्रिलमध्ये कौलांखाली हात घालून बघा, म्हणजे कळेल. माजघरातल्या कपाटात, उभे.