दहा बाय चौदाच्या हॉलसाठी: आधी टेप, मग सोफा

सोफा बुक करायच्या आधी पेंटरवाली मास्किंग टेप आणा आणि त्याचं माप जमिनीवर चिकटवा. दोन दिवस घरच्यांना त्याभोवती वावरू द्या. चालायला किमान अडीच फूट आणि सोफा ते टीपॉय दीड फूट उरत नसेल, तर थ्री-सीटरचा नाद सोडा. लिफ्टचं दारही मोजा, ते हमखास राहून जातं. पाय सहा इंच उंच असलेला सोफा घ्या, म्हणजे खालून केरसुणी आणि पोछा फिरतो. जमिनीला टेकलेला सोफा फोटोतच छान.

गालिच्यात नवखे लोक चुकतात ते आकारात. तीन बाय पाचचा तुकडा मधोमध पायपुसण्यासारखा दिसतो. पाच बाय आठ घ्या, सोफ्याचे पुढचे पाय त्यावर आले पाहिजेत. मुंबई-कोकणात ताग नको. पावसाळ्यात ओल धरतो, कुबट वास येतो. सुती सतरंजी बरी, धुता येते. व्हिट्रिफाइड टाइल्सवर खाली अँटी-स्किड जाळी हवीच, नाहीतर आजी-आजोबा घसरायचे.

दिवे: पांढरीफटक ६५०० केल्विनची ट्यूब हॉलला दवाखाना करते. (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप; आकडा कमी, तितका उजेड पिवळसर.) २७०० ते ३००० घ्या, सीआरआय (दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९०च्या पुढे. छताला एकच झगझगीत पॅनल लावण्यापेक्षा कोपऱ्यात एक उभा दिवा ठेवा. डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावणार असाल तर बल्बच्या पाकिटावर ‘डिमेबल’ छापलंय का बघा. साधा एलईडी बल्ब त्यावर लुकलुकतो.