पुढून सपाट, मागून इलॅस्टिक

प्रश्न : मावशी, मी भांडुपहून रोज फोर्टला नोकरीला जाते. तेच ते कुर्ते घालून कंटाळले. तयार स्कर्ट घ्यावा तर सीटवर (म्हणजे नितंबांच्या घेराला) बसणारा कंबरेला गरगर फिरतो, कंबरेला बसणारा सीटवर तटतटतो. घरी आईचं मशीन आहे, सरळ टीप मारता येते, पण झिपची धास्ती वाटते. ऑफिसला शोभेल असा स्कर्ट जमेल का? कंबर 30, सीट 38.

उत्तर : अगं, झिप हवीय कुणाला? पुढून सपाट आणि मागे इलॅस्टिक असा शिव. वर कुर्ता-शर्ट सोडलास की इलॅस्टिक कुणाला दिसतसुद्धा नाही.

एक चूक मात्र करू नकोस, ती मी करून बसले आहे. पहिला स्कर्ट कंबरेच्याच मापाने कापला, म्हटलं इलॅस्टिक आहे, ताणेल. इलॅस्टिक ताणलं गं, कापड कसं ताणणार? स्कर्ट मांड्यांवरच अडकला. शेवटी त्याच्या दोन पिशव्या झाल्या, बाजारहाटाला बरीच वर्षं पुरल्या. तेव्हा वरचा घेर सीटपेक्षा 2 इंच जास्त, म्हणजे तुला 40. पुढचं पान वर 18 इंच, मागचं 22. शिलाईचा अर्धा-अर्धा इंच वेगळा धर. मागच्या नेफ्यात दीड इंची रुंद इलॅस्टिक 13 इंच घाल. दोन्ही टोकं बगलेच्या, म्हणजे बाजूच्या, शिलाईत गेली की 12 उरतं. 18 आणि 12, झाली तुझी 30 कंबर. पुढच्या नेफ्यात फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कडक कापड, लावायला विसरू नकोस, नाहीतर तासाभरात दुमडून सुरळी होते.

खालचा घेर ठरवताना आरशापेक्षा लोकल डोळ्यांसमोर आण. गर्दीत फुटबोर्डवर पाय टाकायचा, फलाट खाली राहिलेला, मागून बायका ढकलताहेत. तिथे पेन्सिल स्कर्ट काय कामाचा? दोन्ही पानं खाली 28-28 ठेव, एकूण 56. उंची 27. नेफ्याचे 2 आणि खालच्या पट्टीचे 2 धरून 31 इंच कापायचे.

कापड घ्यायला सीएसएमटीहून चालत मंगलदास मार्केटला जा. दुकानदाराला आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचार. 58 इंची पन्ह्यात एक पान सुलटं, एक उलटं, म्हणजे कंबर खाली करून, ठेवलं की सव्वा मीटरमध्ये खिशासकट भागतं. 44 पन्ह्यात पानं शेजारी बसत नाहीत, 2 मीटर घे. फुलं एकाच दिशेला तोंड करून असतील तर उलटसुलट चालत नाही, हेही तिथेच बघून घे. पहिल्यांदा साधं गडद सुती ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचं जाडसर कापड, बरं. लिनन सुंदर, पण घाटकोपर येईपर्यंत त्याची रया जाते. कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कात्री लाव. ड्रिलला 16 नंबरची सुई घाल.

शिवून झालं की लगेच खालची पट्टी दुमडू नकोस. बगलेची कड तिरकी असते, ती वजनाने उतरते. एक रात्र हँगरला टांगून ठेव, सकाळी अंगात घालून आईला जमिनीपासून मोजायला सांग. आणि उजव्या बगलेत खिसा हवाच, पास आणि मोबाइल मावेल एवढा खोल. खिसा नसलेला स्कर्ट मी तरी शिवत नाही.

प्रश्न : पावसात सुती स्कर्ट पायांना चिकटतो. अस्तर लावू का?

उत्तर : शिवून टाकलेलं अस्तर भिजलं की वाळता वाळत नाही. त्यापेक्षा पातळ मलमलचा परकर वेगळा शिव, स्कर्टपेक्षा 2 इंच आखूड. दोन असले की एक दोरीवर, एक अंगावर.