विमानात मोबाइल चालू राहिला तर खरंच काही होतं का? आईचा बटणाचा फोन बंदच करावा का?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: आई पहिल्यांदाच एकट्या जळगावहून पुण्याला विमानाने जाणार आहेत, जवळ साधा बटणाचा फोन आहे. तो बंद करायचा राहून गेला तर विमानाला धोका आहे का? आणि प्रवासात त्यांच्याशी बोलता येईल का?

चालू राहिलेल्या एका फोनमुळे विमान पडत नाही. आकाशात असताना बोलणंही होणार नाही. तरीही फोन बंद करायलाच हवा, आणि बटणाच्या फोनच्या बाबतीत तर जास्तच. का, ते नीट सांगतो, कारण विमानात फक्त सूचना देतात, कारण कुणी सांगत नाही.

मी खान्देशात मोबाइल टॉवरच्या कामात आहे. साइट उभी राहिली की अँटेना कुठल्या दिशेला आणि किती अंश खाली झुकवायची हे ठरवायचं, मग गाडीतून फिरून सिग्नल मोजायचा, हे माझं काम. म्हणून टॉवरच्या बाजूने सुरुवात करतो.

टॉवरवरची अँटेना आकाशाकडे तोंड करून नसते. ती जमिनीकडे झुकवलेली असते, बहुतेक ठिकाणी दोन ते आठ अंश. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात साइट जवळजवळ आल्या तर टिल्ट, म्हणजे हा झुकाव, वाढवायचा. सातपुड्याच्या पायथ्याला गावं विरळ असतील तर कमी ठेवायचा. आपल्या हद्दीतल्या फोनला सिग्नल पुरावा आणि शेजारच्या साइटच्या हद्दीत तो सांडू नये, एवढ्यासाठी ही सगळी खटपट. फ्रिक्वेन्सी मोजक्याच असतात आणि त्याच पुन्हा पुन्हा वापराव्या लागतात. धुळ्यात चालणारी फ्रिक्वेन्सी भुसावळातही चालते, कारण मधली टेकाडं, घरं, झाडं आणि पृथ्वीचा गोलावा या दोघांना एकमेकांपासून लपवतात.

आता हाच फोन सहा किलोमीटर उंच न्या. तिथून अडीचशे किलोमीटरच्याही पलीकडची जमीन सरळ नजरेच्या टप्प्यात येते. जळगाववर असलेल्या फोनसमोर धुळं, चाळीसगाव, भुसावळ, बुऱ्हाणपूर, सगळं एकाच वेळी उघडं पडतं. लपवणारं मध्ये काहीच नाही. टॉवरचा मुख्य झोत खाली वळलेला असल्यामुळे फोनला वर चांगला सिग्नल मिळत नाही, नुसते इकडून तिकडून तुकडे मिळतात. मग तो शोधत राहतो, हाक मारताना ताकद पूर्ण वाढवतो, आणि ती हाक एका साइटऐवजी अनेक साइटना गोंगाट म्हणून ऐकू जाते. एक फोन असेल तर आम्हाला कळणारही नाही. पण शंभर विमानांतल्या हजारो प्रवाशांनी हेच केलं तर जमिनीवरच्या लोकांचे कॉल बिघडतील. अमेरिकेत १९९१ साली उडत्या विमानातल्या मोबाइलवर बंदी आली ती विमान वाहतूक खात्याने घातलेली नव्हती, ती दूरसंचार नियामकाची होती, आणि कारण हेच होतं. २०१३ मध्ये ती सैल करण्याचा प्रस्ताव आला आणि २०२० मध्ये मागे घेतला गेला.

बोलणं का होत नाही, तेही यातच आलं. जळगावच्या धावपट्टीवर जी एटीआर ७२ विमानं येतात ती ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात, म्हणजे सेकंदाला जवळपास १४० मीटर. चार किलोमीटर रुंदीची एक हद्द अर्ध्या मिनिटात संपते. एका साइटकडून दुसरीकडे कॉल सोपवण्याची आमची यंत्रणा बस, रेल्वे, दुचाकी यांच्या हिशेबाने बसवलेली आहे. उड्डाणानंतर किंवा उतरताना कमी उंचीवर क्षणभर दांड्या दिसतात, एखादा मेसेजही येऊन पडतो, त्यामुळे लोकांना वाटतं की वर नेटवर्क आहे. ते नेटवर्क टिकत नाही.

आता विमानाची बाजू. ही भीती मोबाइलच्याही आधीची आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत विमानात पोर्टेबल एफएम रेडिओ लावायला बंदी आली. रेडिओ तर फक्त ऐकतो, मग त्रास कसला? रेडिओच्या पोटात एक छोटं दोलक सर्किट असतं, आणि ते लावलेल्या स्टेशनच्या १०.७ मेगाहर्ट्झ वरची फ्रिक्वेन्सी स्वतः तयार करतं. ९८ वर गाणी लावली की आत १०८.७ तयार होते. विमानाला दिशा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रणा १०८ ते ११८ मेगाहर्ट्झमध्येच बोलतात. म्हणजे प्रवाशाच्या मांडीवरचा रेडिओ वैमानिकाच्या दिशादर्शकाच्या कानात कुजबुजत होता. तेव्हापासून नियमाचा पाया एकच राहिला: उपकरण विमानाला त्रास देत नाही हे आधी दाखवा, मग वापरा.

आजची विमानं याबाबतीत खूप पुढे गेली आहेत. तारा आवरणात असतात, बाहेरच्या प्रचंड शक्तीच्या रडार-लहरी सोसण्याच्या चाचण्या झालेल्या असतात. म्हणूनच २०१३ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फ्लाइट मोडमधला, म्हणजे नेटवर्क बंद केलेला, फोन उड्डाणापासून उतरेपर्यंत वापरायला मोकळीक दिली. तरी ‘काहीच होऊ शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. २०१४ मध्येच बोइंग ७३७ आणि ७७७ मधले एका प्रकारचे कॉकपिटमधले स्क्रीन बदलायचा आदेश निघाला, कारण चाचणीत जवळच्या वाय-फाय लहरींनी ते गडबडत होते. त्याआधी २००३ च्या जूनमध्ये न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला एक छोटं विमान उतरताना कोसळून आठ जण गेले. शेवटच्या मिनिटांत खुद्द वैमानिकाचाच मोबाइल कॉलवर जोडलेला होता, आणि त्या फोनमुळे दिशादर्शक यंत्राचं वाचन चुकलं असण्याची शक्यता तपास अहवालात नोंदवली गेली. शक्यता, सिद्ध झालेलं कारण नव्हे. हा फरक मी मुद्दाम सांगतोय, कारण व्हॉट्सॲपवर दोन्ही टोकांचे मेसेज फिरत असतात.

तुमच्या आईंच्या फोनचा मुद्दा इथे येतो. आजचा ४जी फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट ताकदीने बोलतो. बटणाचा २जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर २ वॅटपर्यंत जातो, म्हणजे दहापट, आणि तोही सलग नाही, सेकंदाला २१७ ठोक्यांनी. जुन्या रेडिओजवळ किंवा टीव्हीच्या स्पीकरजवळ फोन ठेवला की कॉल येण्याआधी ‘टिर्र टिर्र टिर्र’ वाजायचं ना, ते हेच ठोके. तोच आवाज वैमानिकाच्या हेडफोनमध्ये शिरू शकतो. विमान उतरत असतं, नियंत्रण कक्ष उंची, दिशा, धावपट्टी सांगत असतो, आणि त्या आकड्यांवर टिर्र टिर्र. वैमानिक पुन्हा विचारून घेईल, बहुतेक वेळा काही बिघडणार नाही. पण पावसाळ्यात ढग खाली आलेले असताना त्या माणसाला एक आकडा पुन्हा विचारावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. तीन सेकंदांचं बटण आहे, ते दाबावं.

काही विमानांत वर गेल्यावर फोन आणि इंटरनेट चालतो, त्यामागची युक्ती वेगळी आहे. विमानातच एक चिमुकला टॉवर बसवतात. तो जवळ असल्यामुळे फोन ताकद अगदी खाली आणतो, आणि पुढचं बोलणं विमानाच्या पाठीवरच्या अँटेनातून उपग्रहाकडे जातं. एमिरेट्सने २००८ च्या मार्चमध्ये असे कॉल सुरू केले. आपल्याकडे २०१८ च्या डिसेंबरात नियम झाले, ३००० मीटरच्या वर सेवा देण्याची मुभा मिळाली. २०२० मध्ये वैमानिकाच्या परवानगीने वाय-फाय वापरता येईल असा बदल झाला. आणि १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही मोठ्या विमानांत वाय-फाय सुरू केलं. जळगावच्या छोट्या विमानात ही सोय गृहीत धरू नका.

माझ्या मते आज प्रवाशाच्या खिशातला खरा धोका सिग्नलचा नाही, बॅटरीचा आहे, आणि आपल्या भागात याकडे फारच दुर्लक्ष होतं. भुसावळ-जळगावचा उन्हाळा ४५ अंशांना टेकतो. फोन गाडीच्या डॅशबोर्डवर, शेतात मोटरच्या पेटीवर, पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला. बॅटरी फुगते, मागचं झाकण उचललं जातं, लोक रबर लावून तोच फोन वर्षभर वापरतात. लिथियम बॅटरी आतून शॉर्ट झाली की स्वतःच्याच उष्णतेने पेटत जाते, आणि ज्वाळा विझल्या तरी बॅटरीतले गरम सेल पुन्हा पेट घेऊ शकतात. म्हणून विमानातले कर्मचारी आग विझवल्यावर तिच्यावर पाणी ओतत राहतात. २०२५ च्या जानेवारीत दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेलं एअर बुसानचं विमान आतून जळालं. प्रवासी बाहेर पडू शकले. तपासात संशय पॉवर बँकेवर गेला.

म्हणून पॉवर बँक कधीही चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही. सामानाच्या कप्प्यात आग लागली तर तिथे माणूस पोचू शकत नाही. हातातल्या बॅगेत १०० वॅट-तासापर्यंत चालते. हिशेब सोपा आहे: २०,००० एमएएचला ३.७ व्होल्टने गुणा, ७४ वॅट-तास येतात. २७,००० एमएएच म्हणजे शंभराच्या काठावर. बाजारात रस्त्यावर मिळणाऱ्या, आकडा पुसलेल्या किंवा नसलेल्याच पॉवर बँका सुरक्षा तपासणीत काढून घेतल्या जातात, आणि ते योग्यच आहे. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट मागे-पुढे करायची नाही, कारण यंत्रणेत चेपला गेला तर तिथेच पेटू शकतो, कर्मचाऱ्याला बोलवायचं. आईंचा फोन फुगलेला असेल तर प्रवासाआधी बॅटरी बदलून घ्या, बटणाच्या फोनची स्वस्तात मिळते.

तुम्ही स्वतः स्मार्टफोन घेऊन जाल तेव्हासाठी एक गोष्ट सांगतो, मला ती फार आवडते. फ्लाइट मोडमध्येही जीपीएस चालतं, कारण तो फक्त उपग्रहांचं ऐकतो, स्वतः काही बोलत नाही. निघण्याआधी नकाशा उतरवून ठेवा आणि खिडकीजवळ बसा. अजिंठ्याची रांग खालून सरकते, पुढे गोदावरी येते, आणि नकाशावरचा निळा ठिपका बरोबर तिथे असतो. आपला मुलूख असा एकसंध बघायला मिळणं याला तोड नाही. पुण्यात मात्र लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. तिथे उतरताना आणि जमिनीवर असताना फोटो-व्हिडिओ काढू नका, तो गुन्हा ठरू शकतो.

आता आईंसाठी. त्यांच्या फोनच्या प्रोफाइलमध्ये फ्लाइट मोड आहे का ते घरी बघा. सापडला नाही किंवा वापरायला अवघड वाटला तर सरळ बंद-चालू करणं शिकवा. विमानाच्या दारात पाऊल टाकण्याआधी त्यांनी तुम्हाला फोन करावा आणि लगेच तो बंद करावा, म्हणजे आठवण ठेवायची गरज उरत नाही. चालू केल्यावर पिन विचारत असेल तर तो आधीच काढून टाका. उतरल्यावर घोषणा होईल, तेव्हाच चालू करायचा. ‘पोचनी का फोन करजो’ असं तुम्ही त्यांना सांगून ठेवलं असेलच, पण विमान टेकल्यापासून फोन लागेपर्यंत वेळ जातो: धावपट्टी सोडायची, जागेवर थांबायचं, दार उघडायचं. विमान उतरल्याचं कळलं तरी अर्धा तास वाट बघा आणि सारखे फोन लावू नका. त्यांना घ्यायला येणाऱ्याचा नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पर्समध्ये द्या, फोन सुरू झाला नाही तर टर्मिनलमधल्या कुठल्याही कर्मचाऱ्याला दाखवता येईल.