म्हैस गाडीत चढत नसेल तर करंटची काठी वापरावी का?

गोरेगावच्या तबेल्यातून भाकड म्हशी गावी पाठवताना त्या ट्रकमध्ये चढत नाहीत आणि गडी करंटची काठी मागतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी पशुवैद्य आहे, परळच्या कॉलेजात शिकले आणि जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत बरीच वर्षं फिरतेय. काठी घेऊ नका.

म्हैस अडते तेव्हा तिला काहीतरी खुपत असतं. बहुतेक वेळा ती ट्रकच्या आतला काळोख बघून थांबते. जनावर काळोखातून उजेडाकडे आपणहून जातं, उजेडातून काळोखात पाय टाकायला कचरतं. म्हणून ताडपत्री वर करा किंवा आत दिवा लावा, फक्त तो तिच्या डोळ्यांवर येऊ देऊ नका. चढायची फळी हलते का, पत्र्यावर खूर घसरतो का, तेही बघा. गोणपाट आणि वर पेंढा टाकला की अर्धी कटकट मिटते.

दुसरं म्हणजे माणसं उभी कुठे राहतात. एकजण समोरून दावं ओढतो, दोघं मागून आरडाओरडा करतात. म्हशीला दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं, पण थेट पाठीमागचं दिसत नाही. तिथून आवाज आला की ती वळून बघणारच. तिच्या खांद्याच्या थोडं मागे, बाजूला उभं राहून तिच्याकडे सरका, ती पुढे जाते. खांद्याच्या पुढे आलात की मागे हटते. समोरच्या माणसाला आधी बाजूला करा.

जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या मानकांतही ही काठी अगदी नाइलाज झाला तरच, मोठ्या जनावराच्या मागच्या पुठ्ठ्यावरच, आणि पुढे जायला जागा मोकळी असेल तरच वापरावी असं म्हटलंय. तोंड, डोळे, कान, पोट, शेपटीखालचा भाग, कुठेही नाही. वासरा-पारडांना तर अजिबात नाही. प्रत्यक्षात गडी घाईत नेमका शेपटीखालीच लावतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका तबेल्यात व्यालेली म्हैस उठत नव्हती. मी पोचेपर्यंत तिला तीन-चार झटके देऊन झाले होते. कानाला हात लावला तर थंडगार, मान पोटाकडे वळलेली. अंगातलं कॅल्शियम उतरलं होतं. शिरेतून हळूहळू कॅल्शियमचं सलाईन दिल्यावर ती तासाभरात उभी राहिली. त्या झटक्यांनी ती कशी उठणार होती? मला आजही त्याचा राग येतो.

दुभत्या म्हशीच्या आसपास तर ही काठी आणूच नका. घाबरलेल्या जनावराच्या रक्तात अॅड्रिनलिन वाढतं, दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं काम अडतं आणि ती पान्हा चोरते. मग पान्ह्याच्या इंजेक्शनकडे हात जातो, तो आणखी वाईट.

गाडीत गर्दीही करू नका. 1978 च्या जनावरांच्या वाहतुकीच्या नियमांनुसार साध्या मालट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं भरता येत नाहीत. आत आधीच वैरण टाकून ठेवा आणि पहिली चढवा ती शांत, पूर्वी प्रवास केलेली म्हैस. ती आत उभी राहून खायला लागली की मागच्यांना फारसं ओढावं लागत नाही.